पांढऱ्या कागदावर ऑगस्टा

सीडर क्रॉसिंग, न्यू जर्सी
११ मार्च १९९६

मिस्टर हॉलिस टेटम यांस,

एमेट क्रॅनमर जानेवारीत वारला. तुम्हाला कोणी कळवलं नसेल तर मी कळवते. कळलं असूनही दोन ओळी लिहिल्या नसतील तर तेही माझ्या लक्षात राहील. मी त्याची बायको व्हर्ना. सहा वर्षांपूर्वी पेनसिल्वेनियातल्या त्या सापांच्या प्रदर्शनात त्याच्या मागं सँडविचचा डबा धरून उभी होते, ती. तुम्ही मला पाहिलं नसेल. तुम्ही सापाकडं बघत होतात.

नवरा गेला आणि मागच्या खोलीत त्याचे पाइन साप राहिले. सगळ्यांना त्यानं माझ्या माहेरच्या माणसांची नावं दिली होती. त्यात सगळ्यात मोठी, माणूस दारात आला की फुसकारणारी, ती ऑगस्टा. हे माझ्या मावशीचं नाव. मावशीला पाहिलेला माणूस एमेटला दोष देणार नाही.

त्या दिवशी तुमच्यापुढं त्यानं हीच ऑगस्टा ठेवली होती. आमच्या रानातला पाइन साप म्हणजे मळक्या पांढऱ्यावर पाठभर काळ्या डागांची खोगिरं आणि कडेनं पिवळट झाक. हिच्यात पिवळा औषधालाही नाही, हे नवं वाण आहे, चंदेरी, असं एमेट म्हणाला. तुम्ही तिला हातात घेतलंत, उलटीसुलटी केलीत आणि चाळीस माणसांत म्हणालात, "कडेला पिवळा आहे, एमेट. साध्या सापाला नवं वाण म्हणून खपवू नकोस." चाळीस माना एकदम डोलल्या. त्यातल्या निम्म्यांना तर मागून साप दिसतही नव्हता. एमेटनं पेटीचं झाकण लावलं. त्यानंतर तो कुठल्याच प्रदर्शनाला गेला नाही.

जानेवारीत, शेवटच्या घटकेला मला म्हणाला, "चंदेरी विखरू देऊ नकोस, व्हर्ना." माझ्याविषयी काही नाही, घराविषयी काही नाही. सापाविषयी.

म्हणून पाळणाऱ्या ओळखीच्या माणसांना लिहिलं. सगळ्यांचं उत्तर एकच: टेटम काय म्हणतात? तुम्ही तिला साधी म्हणत असाल तर तिची पिल्लं साध्या सापांसारखी कुणाच्याही घरी जातील, कुठल्याही सापाशी जोडली जातील, आणि दोन पिढ्यांत तो रंग पुन्हा कुठंतरी आत दडून बसेल. तेव्हा पुन्हा बघा आणि सांगा. फोटो जोडलाय.

तुमची म्हणवत नाही, पण पत्राला शेवट लागतो म्हणून,
व्हर्ना क्रॅनमर


पॉवेल्स फेरी, जॉर्जिया
२४ मार्च १९९६

मिस व्हर्ना,

आमच्या बाजूला बाई कुमारी असो की विधवा, आम्ही मिसच म्हणतो. राग मानू नका.

एमेट गेल्याचं तुमच्या पत्रातूनच कळलं. तरुणपणी एका जूनमध्ये तुमच्याच रानात आम्ही दोघं एका मादीला घरटं खणताना बघत पालथे पडलो होतो. ती मान वाकवून, तिच्या आकडीत धरून, ओंजळ ओंजळ वाळू बाहेर ओढत होती. अख्खी सकाळ. एमेटच्या नाकावर माशी बसली तरी त्यानं हात हलवला नाही. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही. मी त्याच्याशी भांडलो नव्हतो, मिस व्हर्ना. मला जे दिसलं ते मी बोललो. मित्र म्हणून डोळ्यानं खोटं बोलायचं असतं का?

तुमचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलाय. ट्यूबखाली सगळेच साप चंदेरी. शिवाय तिचे डोळे दुधाळ दिसतायत, म्हणजे ती कात टाकायला आलीय. त्या दिवसांत कुठलाही साप धुरकट दिसतो. कात पाठवायच्या फंदात पडू नका, कातेत काळा थोडा उतरतो, पिवळा उतरत नाही. ती कात टाकून मोकळी झाली की दुपारी बाहेर सावलीत, उन्हात नव्हे, कोऱ्या पांढऱ्या कागदावर तिला घ्या आणि तसा फोटो काढा. कागद फोटोत पांढरा आला तर सापाचा रंग खरा. आमचा सगळा न्याय त्या कागदावर चालतो.

आपला,
हॉलिस टेटम


सीडर क्रॉसिंग
२८ एप्रिल १९९६

मिस्टर टेटम,

तीस वर्षं एमेटशी संसार केला आणि सापाला बोट लावलं नव्हतं. गेल्या मंगळवारी लावलं. भट्टीचा भाता फुटावा तशी ती फुसकारली. मी किंचाळले. शेजारची लव्हिनिया कुंपणावरून ओरडली, "व्हर्ना, कोण आहे गं आत?" म्हटलं, "मावशी आलीय." तेवढं तिला पुरलं, ती आत निघून गेली.

पण एकदा हातावर घेतल्यावर गप्प झाली. मला वाटलं होतं ओली, गिळगिळीत असेल. कोरडी होती, आणि आतून वजनदार. एमेटच्या मनगटासारखी. असो.

कात पडली. अंगणात, ओकच्या सावलीत, दुपारी, कोऱ्या कागदावर फोटो काढलाय. मला त्यात राख दिसते, चांदीचा जुना चमचा दिसतो, काळी खोगिरं दिसतात. पिवळं काही दिसत नाही. पण मी काय, परवापर्यंत मला सगळे साप एकाच रंगाचे दिसायचे: नकोशा.

आणखी एक. एमेटनं सांगून ठेवलं होतं की वसंतात ऑगस्टाला रूफसपाशी सोड. रूफस म्हणजे तिचाच मुलगा, बाप साधा म्हणून दिसायला साधा. आत आईचा रंग दडलेला असणार, तेव्हा आई-मुलाची अर्धी पिल्लं चंदेरी निघाली की वाण सिद्ध होतं म्हणे. ज्याच्यावर आमच्या पाद्र्यानं अख्खा रविवार घातला असता ते तुमच्या लोकांत पुराव्याचं काम करतं. सोडलं बाई. तोंड दुसरीकडं करून सोडलं.

व्हर्ना क्रॅनमर


पॉवेल्स फेरी
१२ मे १९९६

मिस व्हर्ना,

फोटो उत्तम आलाय. एमेटला अभिमान वाटला असता. खिडकीशी धरून पाहिला, ओसरीवर पाहिला, भिंग लावून पाहिला. मला कडेला पिवळा दिसतो. गडद नाही, सायीसारखा. पण आहे.

अर्थात तुमचा कागदच पिवळट आहे, त्यामुळं तुम्हाला पूर्ण दोष देत नाही. जुना कागद असा होतो. नवा आणा आणि पुन्हा काढा.

अंडी येणार असतील तर पेटीत ओलसर वाळूची खोल कुंडी ठेवा. तिला खणायला मिळालं पाहिजे. खणायला मिळालं नाही तर ती अंडी धरून बसते, आणि ते वाईट.

माझं बरं आहे. सून नॅडीन गाडीच्या किल्ल्या लपवते एवढंच. म्हणते, "पप्पा, काल थांबण्याच्या पाटीला तुम्ही सलाम करून पुढं गेलात." म्हटलं, सभ्य माणूस आहे, सलाम तरी करतो.

हॉलिस टेटम


सीडर क्रॉसिंग
१४ जुलै १९९६

मिस्टर टेटम,

कागद नवा होता. लव्हिनियासमोर पुडा फोडून काढलेला होता. बर्फासारखा पांढरा. दुकानदारालाही विचारून आले, तोही पांढराच म्हणाला. सगळ्या न्यू जर्सीला तो कागद पांढरा दिसतो, फक्त जॉर्जियात एका माणसाला पिवळा दिसतो. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं असं म्हणतात, आणि मत्सराची कावीळ सगळ्यात वाईट. एमेटला तुमच्याआधी काही सापडलं हे तुम्हाला सोसलं नाही. झालं. बोलायचं ते बोलून झालं.

आता दुसरं. ऑगस्टा गेली.

वाळूची कुंडी ठेवली होती. तिनं खणलं. मान वाकवून, तुम्ही लिहिलं होतं अगदी तशी. मी खुर्ची ओढून बसले होते. सहा अंडी घातली, माझ्या मुठीएवढी. सातवं अडलं. तालुक्याच्या गावी प्राण्यांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं पेटी घेऊन गेले. ते म्हणाले, "बाई, आम्ही कुत्री-मांजरं बघतो." मी म्हटलं, "मग डोळे मिटा आणि मांजर समजा." त्यांनी बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. पण उशीर झाला होता.

फुसकारत नव्हती. तेच वाईट वाटलं. गेल्या दोन महिन्यांत तेवढंच तर एक माणूस माझ्याशी तोंड वर करून बोलत होतं.

तिला पुरलेलं नाही. फ्रीझरमध्ये, ब्लूबेरीच्या पिशवीशेजारी ठेवलीय. पुरली तर तुम्ही म्हणाल, पुरावा कुठं आहे?

व्हर्ना


पॉवेल्स फेरी
२५ जुलै १९९६

मिस व्हर्ना,

वाईट झालं. तुमची चूक नाही. अडलेलं अंडं अनुभवी माणसालाही सोडवता येत नाही.

तिला पुरा. मेल्यावर सापाचा रंग खरा राहत नाही, त्यामुळं तो पुरावा होणार नाही. आता पुरावा त्या सहा अंड्यांत आहे. ती जशी पडली तशीच ठेवा, उलटवू नका, ओल सांभाळा. सप्टेंबरात फुटतील. आणि पिल्लं निघाली की लगेच नाचू नका. पाइन सापाची पिल्लं जन्मतः सगळीच फिकट असतात. पिवळा हळूहळू चढतो, वर्ष लागतं. कित्येक शहाणे पहिल्याच महिन्यात नवं वाण सापडलं म्हणून पेढे वाटून बसलेत.

मत्सराबद्दल लिहिलंत. बरेच दिवस त्यावर विचार केला. मला तो सापडला नाही, पण तो शोधणाराही मीच आहे, तेव्हा त्याला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

नॅडीन मला शरदात डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेणार म्हणते. मोतीबिंदू. दोन्ही. उत्तराला उशीर झाला तर तेच कारण समजा.

हॉलिस टेटम


सीडर क्रॉसिंग
२९ सप्टेंबर १९९६

मिस्टर टेटम,

सहाच्या सहा फुटली. पहिल्यानं कवचाला चीर पाडून नुसतं नाक बाहेर काढलं आणि दोन दिवस तसंच बसून राहिलं. बाहेरचं जग बघून निर्णय घेत असावं. मी त्याला म्हटलं, घाई नाही, मीही अजून घेतलेला नाही.

सगळी फिकट आहेत. तुम्ही सांगितलं म्हणून नाचले नाही.

एमेटचा साप पाळायचा परवाना संपला होता, त्यासाठी राज्याचा माणूस आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट. दारातच उभा राहिला.

"मिसेस क्रॅनमर, परवाना तुमच्या नावावर करायचा? तुम्हाला सापांची भीती नाही वाटत?"

"सापानं मला कधी चाळीस माणसांत खाली बघायला लावलेलं नाही," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही, पण सही केली. तेव्हा आता मी अधिकृत सापवाली आहे. आमची ऑगस्टामावशी असती तर तिनं मला प्रार्थनेतून वगळलं असतं.

डोळ्याचं नीट होऊ दे. हे मनापासून लिहितेय, यात टोमणा शोधू नका.

व्हर्ना


पॉवेल्स फेरी
१७ नोव्हेंबर १९९६

मिस व्हर्ना,

डाव्या डोळ्याची पट्टी सुटली. काय सांगू! त्या डॉक्टर पोरीनं सगळं जग धुऊन वाळत घातलंय. निळा रंग इतकी वर्षं कुठं गेला होता? आकाश बघून मी नॅडीनला म्हटलं, "हे कधी रंगवलं?"

घरी आलो, स्वयंपाकघरात गेलो. तिथली भिंत माझी बायको मॉडी दर काही वर्षांनी रंगवून घ्यायची. दर खेपेला मी तिला बोलायचो, "पांढरा सांगितला होता, तू पुन्हा लोण्याचाच रंग आणलास." ती म्हणायची, "हो का? बरं." आणि पुढच्या खेपेला पुन्हा तोच डबा. ती जाईपर्यंत मी त्या भिंतीवरून तिला बोलत होतो.

भिंत पांढरी आहे, मिस व्हर्ना. ती कायम पांढरीच होती.

नॅडीनला विचारलं. ती भांडी घासत होती, वळलीही नाही. म्हणाली, "पप्पा, सगळ्यांना माहीत होतं. आई म्हणायच्या, बोलू दे त्यांना, त्यांचं बोलून होऊ दे."

शेवटी मॉडीचे केस पांढरेशुभ्र झाले होते म्हणतात. मला ते शेवटपर्यंत लोण्याच्या रंगाचे दिसले.

उजवा डोळा डिसेंबरात करायचाय. तोवर गंमत चाललीय. डावा मिटला की घर पिवळं, उजवा मिटला की पांढरं.

पिल्लांना थंडीत आठवड्याला एक लहान उंदीर पुरे. पाणी रोज बदला.

हॉलिस


सीडर क्रॉसिंग
२४ नोव्हेंबर १९९६

हॉलिस,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मॉडीसाठी रडले. मी तिला ओळखत नव्हते, पण तो रंगाचा डबा मला ओळखीचा वाटला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बशी फोडली. तिसऱ्यांदा वाचून हे लिहितेय.

तुम्ही भिंतीविषयी लिहिलंत, आकाशाविषयी लिहिलंत, उंदरांविषयीसुद्धा लिहिलंत. एका गोष्टीविषयी लिहिलं नाहीत. तुम्हाला सुचलं नाही की सुचलं आणि लिहिलं नाही, हे मी विचारणार नाही.

जुलैत मी तुम्हाला कावीळ म्हणाले होते. रोग बरोबर ओळखला, जागा चुकले. काळजात शोधत होते, होती डोळ्यात.

आता माझं एक काम करा. एप्रिलचा फोटो काढा, ऑगस्टाचा, पांढऱ्या कागदावरचा. तो तुम्ही टाकून दिला नसणार. दुपारी ओसरीवर बसा. आधी डावा मिटून उजव्यानं बघा, मग उजवा मिटून डाव्यानं. एमेटला ज्या डोळ्यानं न्याय दिला तो आणि ज्यानं द्यायला हवा होता तो, दोन्ही आज एकाच डोक्यात आहेत. जगात दुसऱ्या कुणापाशी हा पुरावा नाही, आणि डिसेंबरात ती डॉक्टर तुमच्या उजव्या डोळ्यातला साक्षीदार काढून कचऱ्यात टाकणार आहे.

त्याच्या आधी बघा. एवढंच.

व्हर्ना


पॉवेल्स फेरी
१५ डिसेंबर १९९६

मिस व्हर्ना,

तुम्ही सांगायच्या आधीच फोटो काढला होता. मागचं पत्र लिहिताना तो टेबलावरच होता, उपडा. भिंतीविषयी लिहिता आलं. सापाविषयी लिहायला हात चालला नाही.

तुमचं पत्र आल्यावर उताणा केला.

उजव्या डोळ्याला कागद सायीसारखा, आणि कडेचा पिवळाही तस्साच, एकाच डब्यातला. डाव्याला कागद बर्फ आणि ऑगस्टा चांदी. मी पुन्हा पुन्हा मिटून पाहिलं. नॅडीन म्हणाली, "पप्पा, कुणाला डोळे मारताय?" म्हटलं, एमेटला.

पण फोटो हा पुरावा नव्हे, हे मीच तुम्हाला शिकवलंय. जे चाळीस माणसांत बोललो ते घरबसल्या पत्रात पुसता येत नाही. पुढच्या ऑक्टोबरात प्रदर्शन आहे. तोवर पिल्लांना वर्ष होईल, पिवळा ज्यांना चढायचा त्यांना चढलेला असेल. ती घेऊन या. मी येतो.

डॉक्टरला सांगून उजवा डोळा पुढच्या हिवाळ्यापर्यंत लांबवलाय. ती म्हणाली, "मिस्टर टेटम, पिकलेला मोतीबिंदू कोण जपून ठेवतं?" मी म्हटलं, त्याला एक साक्ष द्यायचीय. नॅडीननं तोंडाचा पट्टा सोडलाय तो अजून आवरलेला नाही. किल्ल्या मात्र मी आपणहून तिच्या हातात दिल्या.

हॉलिस


सीडर क्रॉसिंग
४ मे १९९७

हॉलिस,

पिवळा चढायला लागला. आधी एकाच्या कडेला, गेल्या आठवड्यात दुसऱ्याच्या, आता आणखी दोघांच्या. चार पिवळ्यांत गेली. दोन अजून राखेसारखी आहेत. अर्धी यायला हवी होती ना?

मी रोज दुपारी त्या दोघांना कागदावर घेते आणि बघता बघता मला कागदाचाच संशय येतो. लव्हिनियाला बोलावलं. ती दारातूनच डोळे घट्ट मिटून म्हणाली, "पांढरी आहेत गं, छान पांढरी." अशा साक्षीदारांवर तुमचं मंडळ सात वर्षं चाललं.

ही दोघंही पिवळी झाली तर एमेट चुकला होता. खोटा नव्हता, पण चुकला होता. तेही मला पचवता येईल. फक्त ते मला लव्हिनियाकडून किंवा चाळीस मानांकडून कळायला नको.

व्हर्ना


पॉवेल्स फेरी
११ मे १९९७

मिस व्हर्ना,

अर्धी म्हणजे नाणं उडवण्यासारखं. सहादा उडवलं तर तीनच छाप पडतील असं कुणी लिहून दिलेलं नाही. दोन पुरेत. एकही पुरे.

रोज बघू नका. रोज बघितलं की माणसाला हवं ते दिसतं, नाहीतर नको ते. महिन्यातून एकदा बघा.

हॉलिस


सीडर क्रॉसिंग
१९ ऑक्टोबर १९९७

हॉलिस,

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात असं नॅडीननं फोनवर सांगितलं. तुम्ही रस्ताभर झोपलात आणि तिला रस्ता कसा धरायचा ते झोपेत सांगत होतात, असंही सांगितलं.

प्रदर्शनात तुम्ही पुढं बसला होतात, मी मागं उभी होते. या खेपेला सँडविच नव्हतं. तेव्हा तुमच्या पाठीमागं काय झालं ते तुम्हाला कळलं पाहिजे.

तुम्ही हॉलचं मोठं दार उघडायला लावलंत, टेबल सावलीत घेतलंत आणि कागद पसरलात, तेव्हा माझ्या शेजारचा लाल टोपीवाला म्हणाला, "म्हातारा आता क्रॅनमरच्या विधवेलाही घरी पाठवणार." मग तुम्ही डाव्या डोळ्यावर तळहात ठेवलात.

"ऑगस्टा मी या उजव्या डोळ्यानं पाहिली होती," तुम्ही म्हणालात. "हा डोळा मी मुद्दाम राखून ठेवलाय. याला विचाराल तर ही सहाही पिल्लं पिवळी आहेत. कागदही पिवळा. आणि वेन्डल, तुझे दात तर विचारूच नकोस."

पहिल्या रांगेतल्या वेन्डलसकट लोक हसले. लाल टोपीवालाही हसला. मग तुम्ही हात उचलून उजव्या डोळ्यावर ठेवलात, आणि एकेका पिल्लावर वाकलात, तसं हसणं आपोआप विझलं. 

"आता कागद पांढरा आहे. ही चार पिवळी, साधी. आणि ही दोन..." तुम्ही ती दोन्ही कागदाच्या मधोमध घेतलीत. "ही एमेट क्रॅनमरची चंदेरी. त्याला तेव्हाच दिसली होती. मला आज दिसली."

कुणीच मान डोलावली नाही. मला तेच बरं वाटलं. सगळे पुढं आले आणि पहिल्यांदाच त्या मंडळींनी प्रत्येकानं आपापल्या डोळ्यांनी साप पाहिला. लाल टोपीवाला परत येऊन म्हणाला, "मला तर त्या वर्षीच वाटलं होतं."

मी म्हटलं, "मग मान कुणाची डोलली होती?"

"बाई, सगळ्यांचीच डोलत होती," तो म्हणाला. "एकट्यानं कशी ताठ ठेवायची?"

एमेटनं ठेवली होती, हे घरी आल्यावर सुचलं.

दोन्ही चंदेरी ओहायोच्या पेनीपॅकर बहिणींकडं गेल्या. एकत्र ठेवतील आणि क्रॅनमर हेच नाव लावतील, असं त्यांनी माझा हात धरून सांगितलं. विखरल्या नाहीत. तीन पिवळ्यांच्याही पोटात तो रंग आहे म्हणून तीही तिकडंच दिली. रूफस माझ्याकडंच आहे. मी दारात आले की फुसकारतो. आईवर गेलाय.

तुम्हाला मी चंदेरीतली एक देऊ केली होती, ते पेनीपॅकरांना सांगू नका. तुम्ही ती घेतली नाहीत. पिवळ्यांतलं एक उचललंत आणि म्हणालात, "हे माझ्या ओळखीचं आहे." तेव्हा मी पेटीचं झाकण लावायला वाकले, कारण बोलले असते तर त्या हॉलमध्ये रडले असते, आणि लाल टोपीवाल्यासमोर मला रडायचं नव्हतं.

काल ऑगस्टाला फ्रीझरमधून काढलं. आमच्या घरामागं वणवा अडवायला झाडं तोडून वाळूचा पट्टा मोकळा ठेवलाय. जूनमध्ये रानातल्या माद्या तिथंच खणायला येतात. तिथं हातानं खणलं. मूठ मूठ वाळू. कोरडी वाळू परत परत आत घसरते, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. वेळ लागला. कडेला एमेट बसला असता तर माशी बसली तरी हलला नसता.

उजवा डोळा आता करून घ्या. त्याची साक्ष झाली.

तुमची,
व्हर्ना


पॉवेल्स फेरी
३० नोव्हेंबर १९९७

मिस व्हर्ना,

काल उजव्या डोळ्याची पट्टी काढली. भिंत आता दोन्ही डोळ्यांना पांढरी.

दुपारी ओसरीच्या सावलीत कोरा कागद पसरला आणि त्यावर तुमचं पिल्लू घेतलं. आधी एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्यानं, मग दोन्हींनी. 

ते पिवळंच आहे.

हॉलिस